तुऱ्याची जागा

बालमोरल म्हणतात तिला. दुकानात आम्ही नुसतं ‘बँडची टोपी’.
निळीकाळी लोकर, कपाळाशी लाल-पांढऱ्या चौकड्या,
माथ्यावर गोंडा, मागे दोन फिती,
त्या मानेवर वळवळतात म्हणून मुली वैतागतात.

दर भादव्यात खोकं येतं लॅम रोडवर माझ्याकडे:
चौदा टोप्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या.
कसर लागली तिथं रफू,
घामाची पट्टी नवी,
डाव्या कानाच्या जरा वर काळं रेशमी फूल,
फुलावर बिल्ला.
यंदा तीन बिल्ल्यांच्या पिना तुटल्या होत्या,
तांबट आळीतून डाख लावून आणल्या.

नवव्या टोपीचं अस्तर उसवलं
तर आत एक काडी.
करंगळीएवढी, तपकिरी,
कधीकाळी बारीक पानं असावीत तिला.
बोट लागलं की भुगा.

याकूब पिंजारी, तोफखान्यातून निवृत्त,
आता शाळेत पाईप शिकवतात,
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
‘ही जुनी टोपी. कुठल्या पलटणीतून कुठं फिरत आली, देव जाणे.
तिकडं घराण्याघराण्याचं झाड ठरलेलं असायचं.
कुणाचं देवदार, कुणाचं काटेरी पानाचं,
कुणाचं नुसतं माळावरचं जांभळं झुडूप.
बिल्ल्यामागं डहाळी खोचायची,
धुक्यात आपला माणूस ओळखू यावा म्हणून.’

‘म्हणजे देवक,’ मी म्हटलं.
‘देवकच की,’ म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

मग काय, मापाला आलेल्या मुलींना
मीच विचारत सुटले.
पाथर्डी फाट्याच्या हर्षालीचं उंबर.
भगूरच्या जुळ्यांना ठाऊक नव्हतं,
आजोबांना फोन लावला, तर कळंब.
विहितगावची तन्वी म्हणाली, ‘आमचंही कळंबच,’
आणि तिघी उगाच एकमेकींकडे बघून हसल्या.
एकीचं साळुंकीचं पीस. ते कुठून आणू?
‘ताई, तुमचं?’
कात्री.
माझ्या लग्नात मांडवाच्या मेढीला कात्रीच बांधलेली.
टोपीत खोचायची सोय नाही तिची.

रूथ भिंगारदिवे शेवटची. शरणपूरहून सायकलवर येते,
मोठा ढोल वाजवते, डोकं सगळ्यांत लहान,
टोपीला आतून दोन चुण्या घालाव्या लागतात.
‘आमच्यात नसतं हे,’ ती म्हणाली.
मी म्हटलं, आंब्याची डहाळी लाव, ती सगळ्यांचीच.
तिनं मान हलवली.
नजर काचेखालच्या त्या काडीवर.
‘ही कुणाची?’
‘माहीत नाही गं.’
‘मग मला द्या.’

मलमलीच्या चिंधीत बांधली ती काडी,
भुग्यासकट,
आणि बिल्ल्यामागं शिवून टाकली, चार टाके.
बाहेरून काही दिसत नाही.
बोटानं चाचपलं तर कळतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

खंडेनवमीला शाळेचं संचलन.
मशीनला हळद-कुंकू, कात्रीला झेंडू वाहून
मी मैदानावर गेले, मोकळ्या हातानं.
माझे वडील दसऱ्याला टोपीत घटाचे तुरे खोचायचे,
अंधारात वाढलेले, पिवळे,
आणि दिवसभर ताठ मानेनं चालायचे, पडतील म्हणून.
या मुली तशाच चालत होत्या.
उंबराचं पान मोठं, वाऱ्यानं सारखं बिल्ला झाकायचं.
कळंबाच्या तिघी शेजारीशेजारी,
त्या रांगा पिंजारींनी लावलेल्या, की त्यांच्या त्यांनीच?
पाईपांनी आधी नुसता श्वास घेतला,
तो लांबलचक हुंकार, गाण्याच्या आधीचा,
मग ढोल.

आणि मला काय दिसावं,
तर रूथची डावी फीत उसवलेली,
एका दोऱ्यावर लोंबत.
मध्यंतरात बोलावलं, पदराला सुई होतीच.
दोन टाके घातले.
कात्री घरी, फुलाखाली, आज तिला सुट्टी.
‘हलू नकोस,’ म्हटलं,
आणि तिच्या मानेशी वाकून
दातानं दोरा तोडला.
लोकरीला घामाचा वास होता, डांबरगोळ्यांचा,
आणि आणखी कशाचा तरी, तो मला ओळखता आला नाही.